धुराच्या वाटेनं
लाफ्काडिओ हर्नच्या १९०४ सालच्या ‘क्वायदान’ या जपानी भूतकथांच्या पुस्तकातली ‘युकी-ओन्ना’, म्हणजे हिमस्त्री, ही जेमतेम चार-पाच पानांची गोष्ट. हिमवादळात अडकलेले दोन लाकूडतोडे नावाड्याच्या खोपटात रात्र काढतात. पांढऱ्या वस्त्रांतली एक बाई येते, म्हाताऱ्या मोसाकूवर ओणवून धुरासारखा पांढरा श्वास सोडते आणि तो गारठून मरतो. १८ वर्षांच्या मिनोकिचीची मात्र तिला दया येते. अट एकच: हे कुणाला, अगदी आईलाही, सांगितलंस तर जीव घेईन. पुढच्या हिवाळ्यात त्याला वाटेत ओ-युकी भेटते. लग्न होतं, १० मुलं होतात, तिचं तारुण्य ढळत नाही.

मग ती रात्र. मुलं निजलेली, कागदी दिव्याच्या उजेडात ती शिवत बसलेली. तिचा उजळलेला चेहरा पाहून मिनोकिचीला ते खोपट आठवतं आणि तो बोलून जातो. दर वाचनात मी इथं थबकतो. त्याला बढाई मारायची नाही, कुणाला दगाही द्यायचा नाही. बायकोच्या रूपाचं कौतुक करता करता गुपित तोंडून निसटतं. आईपासूनही जपलेली गोष्ट तो सांगतो, तीही जिला ती आधीपासूनच ठाऊक आहे अशा एकुलत्या एका माणसाला.

त्यावर तीही स्वतःचा शब्द मोडते. झोपलेल्या मुलांसाठी त्याला जिवंत सोडते आणि बजावते, त्यांनी तुझ्याबद्दल कधी तक्रार केली तर याद राख! धमकी हिमस्त्रीची, पण काळीज आईचं. आपल्याकडे शंतनूनं अट मोडताच गंगा निघून जाते, पण बाळाला सोबत नेते. युकी काहीच नेत नाही.

हर्न तिला एकदम नाहीशी करत नाही. ओरडता ओरडता आधी तिचा आवाज बारीक होतो, वाऱ्याच्या रडण्यासारखा. मग देह विरतो. मोसाकूला मारणारा तो पांढरा श्वास आठवा. आता ती स्वतःच तसं शुभ्र धुकं होते आणि आढ्यापर्यंत चढते.

याच गोष्टीवर बेतलेल्या मासाकी कोबायाशीच्या १९६४च्या चित्रपटात मिनोकिची तिच्यासाठी केलेल्या चपला बाहेर बर्फात ठेवतो आणि त्या दिसेनाशा होतात. दृश्य सुंदर आहे, पण त्यात दिलासा आहे. मला हर्नचा शेवट अधिक खरा वाटतो. तिथं ती थरथरत छपराच्या धुराड्यातून निघून जाते. इतकी वर्षं तिच्या चुलीचा धूर याच वाटेनं जात असणार.