‘जफरनामा’तील शत्रू : शीख परंपरेतील वैर-विचाराचे एक मराठी वाचन

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्ष कला शाखेच्या उत्तरपत्रिका तपासत असताना एक वाक्य वाचावयास मिळाले. प्रश्न संत नामदेवांच्या पंजाबातील कार्यासंबंधी होता. विद्यार्थ्याने लिहिले होते की शीख धर्म हा शत्रूंशी लढण्यासाठी निर्माण झालेला धर्म असून नामदेवांनी त्यास भक्तीची जोड दिली. कालक्रमाच्या दृष्टीने हे विधान उघडच चुकीचे आहे. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० हा असून गुरू नानकांचा जन्म १४६९ चा आहे. गुण कापणे सोपे होते व ते कापलेही. परंतु वाक्याचा पूर्वार्ध त्या विद्यार्थ्याचा नव्हता, तो आपला होता, ही जाणीव नंतर बराच काळ सोबत राहिली. मराठी व्याख्यानांतून, गाइडांतून आणि जयंतीच्या भाषणांतून शीख परंपरेचा उल्लेख येतो तो बहुधा ‘लढवय्या’, ‘क्षात्रतेज’ अशा शब्दांच्या सोबतीनेच. त्यामागे १८५७ नंतर इंग्रजांनी सैन्यभरतीसाठी रुजविलेली ‘लढाऊ जमाती’ची कल्पना आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. समर्थ रामदास आणि सहावे गुरू हरगोविंद यांच्या भेटीची परंपरागत कथाही आपल्याकडे याच अंगाने सांगितली जाते. संताच्या हाती शस्त्र कशाला, हा त्या कथेतील खरा प्रश्न मात्र मागे पडतो.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी शीख समाजाशी विद्यार्थ्यांचा नित्याचा संबंध फारसा येत नाही. त्यामुळे पुस्तकातील प्रतिमा हीच त्यांच्यापुरती वस्तुस्थिती ठरते. म्हणून ही प्रतिमा तपासणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखात शीख परंपरेत शत्रू कोणाला म्हटले आहे आणि त्याच्याशी कसे वागावे असे सुचविले आहे, या प्रश्नाचा विचार दहावे गुरू गोविंदसिंह यांच्या ‘जफरनामा’ या फारसी पत्रकाव्याच्या आधारे करावयाचा आहे. हे पत्र महाराष्ट्राच्या भूमीवर मुक्काम असलेल्या बादशहाला लिहिले गेले आणि लिहिणाऱ्याचा अंतही महाराष्ट्रातच झाला. या दृष्टीने मराठी अभ्यासकाचा त्यावर काहीसा अधिकार पोहोचतो.

हरलेल्याचे विजयपत्र

आनंदपूरचा दीर्घ वेढा, किल्ला सोडल्यास सुखरूप जाऊ देण्याची शपथ, ती शपथ मोडून झालेला पाठलाग आणि चमकौर येथील असमान लढाई ही या पत्राची पार्श्वभूमी होय. या घटना १७०४ च्या डिसेंबरातील मानल्या जातात, काही अभ्यासक त्या एक वर्ष पुढे नेतात. चमकौर येथे अजितसिंह आणि जुझारसिंह हे दोन थोरले पुत्र पडले. जोरावरसिंह व फतेहसिंह या दोन धाकट्या मुलांना सरहिंदचा फौजदार वजीरखान याने ठार करविले. त्यानंतर गुरूंनी औरंगजेबास हे पत्र लिहिले. ‘पंज प्यारे’ या पहिल्या पाच खालशांपैकी दयासिंह आणि धरमसिंह हे दोघे ते घेऊन दक्षिणेत अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) आले. बादशहाचा मुक्काम तेव्हा तेथे होता आणि तेथेच भिंगारनजीक १७०७ च्या आरंभी त्याचा मृत्यू झाला.

‘जफरनामा’ म्हणजे विजयपत्र. किल्ला गेलेला, चारही मुलगे गेलेले, सोबती विखुरलेले, अशा मनुष्याने आपल्या पत्रास हे नाव द्यावे यात विरोधाभास आहे, आणि या काव्याच्या अर्थाची किल्लीही त्या विरोधाभासातच आहे. विजय कशाच्या आधारे मोजावयाचा, याचे परिमाणच येथे बदललेले दिसते. शपथ पाळणारा जिंकला आणि मोडणारा हरला, अशी ही मांडणी आहे.

या दृष्टीने पत्रातील आरोपपत्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. बादशहा मुसलमान आहे हा आरोप त्यात कोठेही नाही. उलट कुराणाची शपथ घेऊन ती मोडली, म्हणजे स्वतःच्याच धर्माशी तो प्रामाणिक राहिला नाही, हा मुख्य आरोप आहे. शत्रूला मोजण्यासाठी गुरूंनी स्वतःचे माप वापरलेले नाही, त्याचेच माप त्याच्या हाती दिले आहे. डोंगरी राजांचा उल्लेख करताना तर ते मूर्तिपूजक असून मी मूर्तिभंजक आहे, असे गुरू स्पष्टपणे म्हणतात. हा भाग आपल्याकडील भाषणांतून गळतो, आणि तो का गळतो हे सांगावयास नको. आनंदपूरवर चालून आलेल्यांत हे हिंदू राजेही होते. दुसरीकडे, माछीवाड्याच्या जंगलातून गुरूंना सुखरूप बाहेर काढणारे नबीखान आणि गनीखान हे पठाण होते, असे परंपरा सांगते. शत्रुमित्रांची रेषा येथे धर्माच्या रेषेवरून गेलेली नाही. नववे गुरू तेगबहादूर यांनी १६७५ मध्ये दिल्लीत जे बलिदान केले, ते परंपरेनुसार काश्मिरी पंडितांच्या टिळा-जानव्यासाठी. आणि जानवे नाकारल्याची कथा तर खुद्द नानकांविषयी सांगितली जाते.

याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे पत्रातील औरंगजेबाची स्तुती. त्याचे शौर्य, बुद्धी, रूप, दातृत्व यांचा गौरव करून मग तो धर्मापासून दूर गेला आहे असा निवाडा दिला आहे. ही दरबारी शिष्टाचाराची रीत आहे असे कोणी म्हणेल. ते अंशतः खरेही आहे, कारण काव्याचे वृत्त फिर्दौसीच्या ‘शाहनामा’चे आहे आणि त्या परंपरेत राजस्तुतीचे संकेत ठरलेले असतात. तथापि ज्याची मुले मारली गेली त्याने तो संकेत पाळावा, यास केवळ संकेत म्हणून बाजूला सारता येत नाही. शत्रूच्या ठिकाणी गुण असू शकतात, म्हणूनच त्याला जाब विचारता येतो. राक्षसाला जाब विचारला जात नाही. शस्त्राचे समर्थन पत्रात आहेच, पण ते इतर सर्व मार्ग संपल्यानंतरचे म्हणून, एका अटीसह आलेले आहे.

येथे मराठी वाचकास ज्ञानेश्वरांच्या पसायदानाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ज्ञानेश्वरांनी खळांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातील वाकडेपण जावे असे मागितले. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ ची, म्हणजे ‘जफरनामा’च्या चारशेहून अधिक वर्षे आधीची. दोहोंतील साम्य दाखवून थांबणे सोयीचे झाले असते. परंतु भेद अधिक बोलका आहे. पसायदानातील मागणे विश्वात्मक देवाजवळ आहे, खळ त्या संवादात तृतीयपुरुषी राहतो. ‘जफरनामा’त खळच द्वितीयपुरुषी आहे. त्याला भेटीला बोलावले आहे, समोरासमोर बोलू असे सुचविले आहे. दुष्टाविषयी देवाशी बोलणे आणि दुष्टाशीच बोलणे यांत धैर्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, असे मला वाटते.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर त्याचाच पुत्र बहादूरशहा याची १७०७ मध्ये आग्र्याला गुरूंनी भेट घेतली, त्याच्याकडून खिलत स्वीकारली आणि त्याच्या छावणीसोबत ते दक्षिणेत आले. शत्रुत्व वारशाने जात नाही, याचा याहून ठळक पुरावा शोधावयास नको.

रिपू आणि चोर

बाह्य शत्रूविषयीचा हा संयम कोठून येतो, याचे उत्तर गुरुवाणीतील आंतरिक शत्रूच्या कल्पनेत सापडते. आपल्या परंपरेत काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सहा रिपू. शीख परंपरेत काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार असे पाच, आणि त्यांना प्रायः ‘चोर’ म्हटले जाते. पाच की सहा ही मोजणी येथे गौण आहे, महत्त्वाचे आहे ते रूपक. आपले ‘रिपू’ राजनीतीतून आले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाने जिंकावयाचा शत्रुषड्वर्ग सांगितला आहे, मात्र त्याची यादी थोडी निराळी असून तीत मान आणि हर्ष आहेत. रिपू तटाबाहेर उभा असतो, त्याच्यावर चालून जाता येते, त्याला ठार करता येते. चोर घरात शिरलेला असतो, तोही घरधनी झोपला म्हणून. चोराचा उल्लेख आला की दोष आपोआप घरधन्याकडे वळतो. गुरुवाणीत देहरूपी नगर या पाचांकडून लुटले जात असल्याचे चित्र वारंवार येते आणि त्यावरचा उपाय म्हणून जागे राहण्यास सांगितलेले असते. या सर्वांच्या मुळाशी ‘हउमै’, म्हणजे मीपण आहे.

तुकोबांनीही आपल्या एका सुप्रसिद्ध अभंगात मनाशी आणि जगाशी चाललेल्या अहोरात्र लढाईचे चित्र उभे केले आहे. तेव्हा मराठी संतांचे रूपक केवळ बाह्य शत्रूचे होते असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र वारकऱ्याच्या हाती पताका राहिली आणि खालशाच्या कमरेला कृपाण आले. कृपाण आल्यामुळे तेथे एक धोका अधिक निर्माण झाला. घरातल्या चोराचा राग बाहेरच्या माणसावर निघण्याचा तो धोका होय. मूलमंत्रात ईश्वराचे वर्णन ‘निरभउ’ आणि ‘निरवैर’ या दोन विशेषणांनी एकत्र केले आहे, ते या संदर्भात पाहावे. भीती आणि वैर यांची ही जोडी सहज जुळलेली नाही. आपण ज्याला भितो, बहुतेक वेळा त्याच्याशीच वैर धरतो.

भाई कन्हैया यांची कथा येथे टाळता येत नाही. आनंदपूरच्या लढायांत हे गृहस्थ जखमींना पाणी पाजत आणि त्यात शत्रुपक्षाचे सैनिकही असत. तक्रार गुरूंपर्यंत गेली, तेव्हा मला दोहोंत भेद दिसत नाही असे त्यांनी सांगितले. गुरूंनी त्यांना पाण्यासोबत मलमही दिले, असे परंपरा सांगते. कथा सर्वांना आवडते. पण लढाई त्या दिवशी थांबली नाही, हा तिचा दुसरा भाग आहे. तलवार चालवणारे आणि पाणी पाजणारे एकाच गुरूच्या आज्ञेत होते.

नांदेड येथील प्रश्न

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो नांदेडला गेल्यावर विशेष जाणवतो. १७०८ च्या ऑक्टोबरात जेथे गुरू गोविंदसिंहांचे निर्वाण झाले, त्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे आतील कक्षात शस्त्रे जपलेली आहेत. गुरू ग्रंथसाहिबासोबत तेथे दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. होळी आणि दसऱ्याला हल्ल्याची मिरवणूक निघते. या दशम ग्रंथात ‘जफरनामा’ आहे, तसेच देवीने दैत्यांचा संहार केल्याची चंडीविषयक आवेशपूर्ण काव्येही आहेत. त्या काव्यांत शत्रूला कोणी पत्र लिहीत नाही. ग्रंथाच्या कर्तृत्वाविषयी शीख अभ्यासकांतच मतभेद आहेत, हे नोंदवावे लागेल. परंतु कर्तृत्वाच्या वादाआड लपून हा अंतर्विरोध सुटत नाही.

माझे मत असे की चंडीकाव्यातील दैत्य ही पुराणातील आकृती आहे, तिचे काम भयग्रस्तास उभे करणे एवढेच. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ ऐकणाऱ्या मराठी श्रोत्यास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शत्रू म्हणून जिवंत माणूस समोर आला की त्याच ग्रंथात काव्यप्रकार बदलतो आणि पुराणाच्या जागी पत्र येते. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. मात्र तो व्यवहारात टिकला का, असे विचारल्यास उत्तर देताना अडखळावयास होते. याच नांदेडात गोदावरीकाठी माधोदास नावाचा बैरागी गुरूंना भेटला आणि बंदासिंह बहादूर होऊन पंजाबात गेला. मे १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत वजीरखान मारला गेला आणि सरहिंद लुटले गेले. दोन बालकांच्या मारेकऱ्यास झालेले ते शासन होते. परंतु शहर लुटले जाते तेव्हा शपथ मोडणारे आणि न मोडणारे अशी निवड कोणी करीत नाही. बंदासिंहांनाही १७१६ मध्ये दिल्लीत हालहाल करून मारण्यात आले. ‘जफरनामा’ने घातलेली अट किती नाजूक होती, हे त्याच्या लेखकाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत दिसून आले.

नामदेवांचा सुलतान

आता त्या उत्तरपत्रिकेकडे परत यावयास हवे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. त्यांपैकी भैरव रागातील एका दीर्घ पदात सुलतान नामदेवांना मेलेली गाय जिवंत करण्यास फर्मावतो. आई मुलाच्या जिवाच्या भीतीने त्याला देवाचे नाव बदलण्यास विनविते, नामदेव ऐकत नाहीत, अंगावर हत्ती घातला जातो. शेवटी गाय उठते आणि सुलतान शरण येतो. हे पद पंढरपूरच्या नामदेवांचेच का, याविषयी शंका घेतली गेली आहे. ती निराधार नाही, कारण पदाची बरीचशी रचना कथनाची आहे आणि कथा चमत्काराची आहे. परंतु चमत्कारानंतरचा भाग वेगळा आहे. हरलेल्या सुलतानाकडे नामदेव राज्य, प्राण वा धर्मांतर यांपैकी काहीच मागत नाहीत. त्याने सत्याने आणि शीलाने चालावे, एवढेच मागणे आहे.

गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा हे पद त्यात होते. पुढे शंभर वर्षांनी गुरू गोविंदसिंहांनी दुसऱ्या एका बादशहाकडे जे मागितले, ते याहून फार निराळे नाही. माझ्या विद्यार्थ्याने ‘भक्तीची जोड’ असा शब्दप्रयोग केला होता. शत्रूशी कसे बोलावे याची जोड, असे त्याने लिहिले असते तर मी पूर्ण गुण दिले असते, काळाची चूक असूनही.

पुढील वर्षी ते पद आणि ‘जफरनामा’चा गोषवारा असे दोन्ही मी वर्गात एकत्र वाचावयास दिले. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले की तो सुलतान पुढे सत्याने चालला का. पदात त्याचे उत्तर नाही, तेथे पुढे नामदेवांची कीर्ती पसरल्याचे सांगितले आहे. औरंगजेबाने पत्र वाचून गुरूंना भेटीस बोलाविल्याचे परंपरा सांगते. गुरू दक्षिणेकडे निघालेही होते. राजस्थानात बघौर येथे असताना त्यांना बादशहा गेल्याची बातमी समजली.