भूत घरात कधी शिरलं? : भयपटांचं सर्वोत्तम दशक ठरवताना



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराने भुताखेतांच्या सिनेमांवर कशाला बोलावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असणार. पण खोटी आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीची खरी भीती कशी काय वाटते, हा प्रश्न आमच्या विषयातलाच आहे आणि फार जुना आहे. तेव्हा आज थोडी मुभा द्या.

आपला प्रश्न असा : सगळ्यांत चांगले भयपट कोणत्या दशकाने दिले? ह्यावर लोक लगेच याद्या काढतात. याद्या काढायला हरकत नाही, पण मोजायचं कशाने ते आधी ठरवायला हवं. किती वेळा दचकलो हे माप धरलं, तर फुगा फोडणारा पोरगासुद्धा मोठा दिग्दर्शक ठरेल.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. अकोले, संगमनेर, राहुरी ह्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो, हे इथे कुणाला सांगायला नको. रात्री पाणी धरायला गेलेल्या माणसाला उसात खसखस ऐकू आली, तर तो उभा राहून तिचा आस्वाद घेत नाही. तो पळतो. तोच माणूस थिएटरात पडद्यावरच्या उसातली खसखस ऐकतो आणि तिकिटाचे पैसे देऊन बसून राहतो. हा फरक अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी नेमका पकडला. त्याने उदाहरण घेतलं ते कालिदासाच्या शाकुंतलातल्या, दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरणाचं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की रसिकाला जे भय जाणवतं ते त्या हरणाचं राहत नाही, नटाचं नसतं आणि रसिकाचं खाजगीही नसतं. ते कुणा एकाचं न राहिल्यामुळे त्याच्याकडे बघता येतं. पळणाऱ्याला आपल्या भीतीकडे बघता येत नाही, बसलेल्याला येतं.

म्हणून आमचं माप असं. भयपटाने आपल्याला कशाकडे बघायला लावलं? आणि त्यातही, भूत कुठून आलं? बाहेरून आलं की घरातूनच निघालं?

परदेशातला हिशेब लवकर उरकू. जर्मनांनी १९२० च्या दशकात ‘कॅलिगरी’ आणि ‘नोस्फेराटू’ केले, सावल्यांचं व्याकरण तिथे तयार झालं. १९३१ मध्ये हॉलिवूडने ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणले. भूत अजून किल्ल्यात, परमुलखात. १९६० च्या ‘सायको’त ते रस्त्याकडेच्या मोटेलात आलं, १९६८ च्या ‘रोझमेरीज बेबी’त शेजारच्या फ्लॅटमध्ये, आणि १९७३ च्या ‘एक्झॉर्सिस्ट’मध्ये थेट घरातल्या मुलीच्या खोलीत. व्हिएतनाम आणि वॉटरगेटच्या त्या वर्षांत अमेरिकन माणसाचा स्वतःच्या घरावरचा विश्वास उडाला होता. पुढे ‘टेक्सस चेनसॉ मॅसेकर’ आला, ‘हॅलोवीन’ आला. तिकडचं दशक १९७० चं, ह्याबद्दल आम्ही फार वाद घालणार नाही.

आता घरी येऊ.

आपल्या हिंदी भुताची सुरुवात सहसा १९४९ च्या ‘महल’पासून धरतात. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, अशोककुमार, मधुबाला, आणि तो लताबाईंचा लांबून येणारा आवाज. त्याचं छायाचित्रण जोसेफ विरशिंग ह्या जर्मन माणसाचं होतं. म्हणजे मघाशी जे सावल्यांचं व्याकरण म्हटलं, ते असं बॉम्बे टॉकीजमार्गे आपल्याकडे उतरलं. पण ‘महल’मधलं भूत हे भूत नाहीच. ती माळ्याची मुलगी निघते. पुढे ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४), ‘कोहरा’ (१९६४) ह्या सगळ्यांत धुकं, हवेली, पांढरी साडी, गाणं, आणि शेवटी उलगडा : कुणाचा तरी डाव होता. साठच्या दशकाचे हे सिनेमे आम्हांला फार आवडतात. त्यांचं गाणं निम्मी भीती करतं, आणि ते काम नंतर कुणाला जमलं नाही. पण त्यांचा शेवट आठवा. दिवा लागतो, गुन्हेगार सापडतो, घर पुन्हा स्वच्छ. नेहरूंच्या काळातला तो विवेकवाद होता आणि त्याची आम्ही टिंगल करणार नाही. तरी त्याने प्रेक्षकाला एक सवय लावली, की घाबरण्यासारखं जे काही आहे ते समजावून सांगता येतं, आणि सांगितलं की संपतं.

मराठीत हीच रीत १९७६ मध्ये वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये आली. आशा काळे, काशिनाथ घाणेकर, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. नरसूच्या भुताने त्या पिढीला रात्री परसात जायची चोरी केली होती. तिथेही भूत शेवटी मनाच्या दाराशी नेऊन उलगडलं जातं. नावातच सांगितलंय ना, खेळ सावल्यांचा.

मग रामसे बंधू. ह्यांना हसून सोडून द्यायची समीक्षकांची पद्धत आहे, ती आम्हांला मान्य नाही. ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ चा, ‘दरवाजा’ १९७८ चा, ‘पुराना मंदिर’ १९८४ चा, ‘वीराना’ १९८८ चा, ‘बंद दरवाजा’ १९९० चा. (ह्या नावांवरून एक शंका येते. आपल्या शनिशिंगणापुरात घरांना दारंच नाहीत. तिथे रामसेंचं कथानक पहिल्याच रिळात अडलं असतं.) त्यांनी एक धाडस केलं. भूत खरं आहे असं पडद्यावर सरळ सांगितलं, उलगडा वगैरे काही नाही. जत्रेतल्या तंबूत आणि तालुक्याच्या टॉकीजमध्ये जो प्रेक्षक बसत होता, त्याला सावल्यांचा खेळ नको होता. त्याच्या गावात मुंजा पिंपळावर होता, आसरा विहिरीत होत्या, चकवा वाटेत होता. रामसेंनी त्याच्याशी त्याच्या पातळीवर बोलणं केलं.

पण ‘पुराना मंदिर’ नीट बघा. आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर त्यात आहेत, तेवढ्यासाठी तरी बघा. गोष्ट अशी : राजाने सामरी नावाच्या सैतानाला पकडून त्याचं मुंडकं धडावेगळं केलं. मरताना त्याने शाप दिला, की ह्या घराण्यातली बाई बाळंतपणात मरेल. बाळंतपण, घराणं, मरणारी बाई. विषय केवढा मोठा हाताशी होता! आणि केलं काय? शाप बाहेरच्या राक्षसाचा. घराणं निर्दोष, राजा न्यायी. घरातल्या बायका मरतात त्यात घराचा काही हात नाही. शेवटी सामरीचा नाश झाला की झालं, सगळे सुटले. ही भीती जत्रेतल्या पाळण्यासारखी असते. पोटात गोळा येतो, पण खाली उतरलात की तुम्ही होतात तिथेच.

नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकांवर थोडक्यात बोलतो. रामगोपाल वर्मांनी ‘रात’ (१९९२) आणि ‘भूत’ (२००३) मध्ये भुताला हवेलीतून काढून साध्या घरात, उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आणलं, हे श्रेय त्यांना द्यायला हवं. पत्ता बदलला, पण घरातल्या माणसांची चौकशी फारशी झाली नाही. मराठीत महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘पछाडलेला’ (२००४) आले. तात्या विंचूच्या बाहुल्याने कित्येक पोरांच्या झोपा उडवल्या, पण मोठ्यांनी हसूनच पाहिला. आपण मराठी माणसं भुताला बघून हसतो, ही आपली जुनी खोड आहे. परवाच्या ‘मुंज्या’पर्यंत (२०२४) ती टिकली आहे.

आता आमचं मत. आपल्या मातीत भयपटाचं खरं दशक २०१० चं. दोनच सिनेमांवर आम्ही हे म्हणतो, विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) आणि राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ (२०१८). दोन सिनेमांनी दशक होतं का, असं कुणी विचारेल. आमच्या मते होतं. पूर्वी ज्याला दार नव्हतं तिथे ह्या दोघांनी दार पाडलं.

‘तुंबाड’ बहुतेकांनी पाहिला असेल. २०१८ ला पाहिला नसेल तर २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा नक्की पाहिला असेल, कारण पुनःप्रदर्शनात त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेलं, बीज नारायण धारपांचं. म्हणजे आपल्याच वाचनालयाच्या कपाटातलं भूत. कोकणातला न थांबणारा पाऊस, जुना वाडा, आणि १९१८ ते १९४७ एवढा काळ. त्यातला हस्तर कुणाच्या मागे लागत नाही. विनायकच त्याच्याकडे उतरतो, पुन्हा पुन्हा, कणकेची बाहुली घेऊन, सोन्याच्या नाण्यांसाठी. आणि मग मुलाला तीच कला शिकवतो. आम्हांला सगळ्यांत भीती वाटली ती राक्षसाच्या प्रसंगात नाही, तर मुलगा घरी त्या उतरण्याचा सराव करतो तिथे. बाप मुलाला धंदा शिकवतो आहे, किती घरगुती दृश्य! रामसेंचा शाप बाहेरून घरात येत होता. इथे घरच शापाची शेती करतं.

‘लपाछपी’ त्यामानाने कमी जणांनी पाहिला. गरोदर बाई, नवरा, उसाच्या मधोमध एक घर, आणि घर सांभाळणारी तुळसाबाई. उषा नाईकांनी ती भूमिका अशी केली आहे, की तिने पुढे केलेलं ताट घ्यावं की पळावं हे कळत नाही. भूत लहान मुलांचं आहे, आणि हिशेब आहे तो नकोशा मुलींचा. ‘पुराना मंदिर’मधलंच बाळंतपण, पण इथे बाहेरचा राक्षस नाही. मारणारे घरचेच आहेत, आणि प्रेमाने जेवू घालणारेही तेच. चकवा म्हणजे वाट चुकवणारं भूत. उसात शिरलेली ती बाई कितीही धावली तरी त्याच घरापाशी परत येते.

इथे आम्ही नगरकर म्हणून बोलतो. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्या लोणीला झाला. ऊस ही आपल्या समृद्धीची खूण. आणि २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, तर आपल्या जिल्ह्यात साडेआठशेच्या आसपास. पाणी आलं, ऊस आला, पैसा आला, सोनोग्राफी आली. फुरियांचा सिनेमा नगरवर नाही. पण इथल्या माणसाने तो पाहताना ऊस फक्त नेपथ्य आहे असं म्हणणं अवघड आहे. अभिनवगुप्त ज्याला कुणाचंच न राहिलेलं भय म्हणतो, ते पाहता पाहता पुन्हा आपलं होतं. शास्त्राच्या दृष्टीने हा रसभंग. आम्हांला तो चालतो.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. ‘लपाछपी’ मध्यंतरानंतर स्वतःच समजावून सांगायला बसतो, बाईंच्या तोंडी भाषण येतं. साठच्या दशकातली ती उलगड्याची सवय अजून गेलेली नाही. गरोदर बाईचे हाल इतका वेळ दाखवायचे का, हाही प्रश्न आहे, आणि स्त्री-प्रेक्षकांनी तो आमच्यापेक्षा नेमकेपणाने विचारला पाहिजे. फुरियांनी २०२१ मध्ये त्याचाच हिंदीत ‘छोरी’ केला. तो जास्त सफाईदार आहे, पण आम्हांला मराठीच जवळचा वाटला. तुळसाबाईचं ‘ये गं पोरी’ हिंदीत तितकं गोड होत नाही, आणि गोड झाल्याशिवाय ते भयानक होत नाही.

आणि एक गोष्ट दोघांनीही पाहिली नाही. उसात घर आहे, भूत आहे, पण ऊस तोडणारी माणसं नाहीत. बीड-पाथर्डीकडून कोयता घेऊन येणारी जोडपी, त्यांच्या पाचटाच्या कोप्या, आणि ज्यांची गर्भाशयं तरुण वयातच काढली गेली त्या बाया. २०१९ मध्ये त्याच्या बातम्या आल्या, सरकारला समिती नेमावी लागली. तसा भयपट कुणी केल्याचं आमच्या तरी पाहण्यात नाही. केलाच, तर दशकाचा निकाल आम्हांला पुन्हा लावावा लागेल.

प्रश्न घेऊ या. ‘सर, तुमचा भुतांवर विश्वास आहे का’, हा एक सोडून कोणताही विचारा.