वाड्यातील भूत आणि घरातील पाप
(‘रात्रीस खेळ चाले’ आणि तिचे चाहते : एक विचार)

भुताच्या गोष्टींची आवड जुनी आहे आणि ती आपल्या धर्मग्रामांतही आहे, हे मान्य करूनच आरंभ करणे बरे. खोपोली-कर्जतच्या लोकलमध्ये, लग्नघरच्या मांडवात, पावसाळ्यात वीज गेल्यावर पडवीत या गोष्टी रंगतात. बोरघाटातल्या वळणावर गाडीला हात दाखवणारी बाई आमच्या भागात प्रत्येक पिढीला भेटत आली आहे. चौक-कर्जत रस्त्यालगत २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभा राहिला. राजवाडा प्लायवुडचा कसा होतो आणि धुके यंत्रातून कसे निघते, हे तेव्हापासून इकडच्या पुष्कळांनी जवळून पाहिले. तरीही भुताची गोडी उणावली नाही. म्हणजे ही गोडी अज्ञानातून आलेली नाही, तिचे मूळ अन्यत्र शोधावयास हवे.

मराठी घरांत या गोडीला सर्वांत मोठे खाद्य पुरविले ते झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने. पहिला भाग २०१६ साली आला, दुसरा २०१९ मध्ये सुरू होऊन २०२० मध्ये संपला आणि तिसरा २०२१-२२ मध्ये झाला. सिंधुदुर्गातील आकेरी गावचा एक जुना वाडा, त्यातील नाईकांचे कुटुंब आणि तोंडी मालवणी बोली, एवढ्या सामग्रीवर लेखक प्रल्हाद कुडतरकर आणि दिग्दर्शक राजू सावंत यांनी हा संसार उभा केला. मालिका कोकणची बदनामी करते, अंधश्रद्धा वाढवते, अशी ओरड प्रारंभी झाली. पुढे तोच वाडा पाहावयास लोक गाड्या करून जाऊ लागले. आमच्या परिचयाच्या कुटुंबांतही या मालिकेवर वाद झडले आणि अजून झडतात. त्या वादांतून काही शिकण्याजोगे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

चाहत्यांत साधारणतः तीन पक्ष आढळतात. पहिला पक्ष पहिल्या भागाचा. कुटुंबप्रमुख अण्णा नाईक मरण पावतात, विखुरलेली मुले-सुना वाड्यावर जमतात आणि मग काही विपरीत घडू लागते. ते भूत आहे की माणसाचे कारस्थान, हे प्रेक्षकाला कळत नाही. नीलिमासारखी तर्काने चालणारी सून आणि देवा-धर्माला धरून असलेली माई एकाच छपराखाली नांदतात. ही अनिश्चितता या पक्षाला प्रिय आहे. दुसरा पक्ष दुसऱ्या भागाचा. या भागात कथा मागे जाते आणि अण्णा जिवंत असतानाचा काळ दाखवते. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता यांनी येथे महाराष्ट्र जिंकला. तिसरा पक्ष लहान आहे. त्याला तिसऱ्या भागातील उघडउघड वावरणारी भुते आवडली.

आमच्या मते तिन्हींत दुसरा भाग श्रेष्ठ आहे आणि त्याचे कारण भुतांत नाही. पहिल्या भागात वाड्याला काय झाले आहे असा प्रश्न होता. दुसऱ्या भागाने त्याचे उत्तर दिले : वाड्याला काही झालेले नाही, वाड्यात कुणीतरी काहीतरी केले आहे. बळकावलेली जमीन, नासवलेल्या स्त्रिया, दडपलेले मृत्यू, आणि हे सारे ठाऊक असून जेवणाची पाने मांडणारे घर. शकुंतला नरे यांनी उभी केलेली माई पाहावी. नवऱ्याचे वागणे तिला कळते, ती सोसते, मुलांना सांभाळते, आणि तिच्या गप्प बसण्यानेच घराचा उंबरठा शाबूत राहतो. भयकथेत इतके खरे दुःख क्वचितच येते. पाप केवळ करणाऱ्यापाशी थांबत नाही, ते घराच्या रीतीत उतरते, ही गोष्ट येथे प्रवचनाविना कळते.

परंतु याच भागात एक विलक्षण प्रकार घडला. खलपुरुष लोकांचा लाडका झाला. अण्णांची चाल, त्यांचा आवाज, त्यांचे बोलणे यांच्या नकला स्नेहसंमेलनांत होऊ लागल्या. ज्यांची जमीन गेली, ज्यांचा जीव गेला, ती माणसे कुणाच्या नकलेत आली नाहीत. मालिका दररोज घरी येते, आणि रोज घरी येणाऱ्याशी माणसाची सलगी होते, मग तो कसाही असो.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत १९६६ ते १९७१ या काळात ‘डार्क शॅडोज’ नावाची दैनिक मालिका १२२५ भागांपर्यंत चालली. तिथेही एक जुना वाडा, एक श्रीमंत कुटुंब आणि पूर्वजांचे अपराध आहेत. त्या मालिकेत १९६७ साली बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू अवतरला. थोडे दिवस भीती दाखवून त्याने नाहीसे व्हावे, असा मूळ बेत होता. प्रेक्षकांच्या पत्रांचा असा पाऊस पडला की तो मालिकेचा नायक झाला, आणि त्याचे दुःख समजावे म्हणून कथा थेट १७९५ सालात नेण्यात आली. निर्माते डॅन कर्टिस यांनी १९७० साली याच कथेवर चित्रपट काढला, तेव्हा मात्र त्यांनी बार्नबसला पुन्हा क्रूर केले आणि शेवटी त्याचा वध दाखवला. मालिकेने ज्याला आपलासा केला होता, त्याचा न्याय चित्रपटाने दोन तासांच्या आत केला. चाहत्यांत या फरकावरून पुढे दीर्घकाळ चर्चा होत राहिली.

आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’वर असा चित्रपट निघालेला नाही. परंतु त्याच जातीची कथा सांगणारा एक चित्रपट आहे, तो म्हणजे राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा ‘तुंबाड’. भाषा हिंदी, पण माती, वाडा आणि माणसे मराठी. नारायण धारप यांच्या कथेतून त्याची ठिणगी पडली. २०२४ साली तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. विनायक हा कोकणस्थ तरुण वाड्याखालच्या एका शापित दैवताकडून सोन्याच्या मोहरा चोरत राहतो आणि आपल्या मुलालाही तीच विद्या शिकवतो. शेवटी बाप ती सारी संपत्ती मुलापुढे धरतो. मुलगा ती घेत नाही. नाईकांच्या वाड्यात तीन भागांत जे कुणी केले नाही, ते हे पोर करते : ते वारसा नाकारते. ‘तुंबाड’ आम्हांस या मालिकेहून मोठी कलाकृती वाटते, ती या एका नकारामुळे.

आता या प्रकारच्या साहित्याशी कॅथलिकांचे नाते कसे आहे, तेही पाहू. ही कथापरंपरा इंग्लंडमध्ये हॉरेस वॉलपोल यांच्या १७६४ सालच्या कादंबरीपासून मोजतात. त्या प्रॉटेस्टंट देशात मठ, तळघरे, भ्रष्ट संन्यासी अशी कॅथलिक सामग्रीच भीतीसाठी वापरली गेली. मॅथ्यू लुईस यांच्या १७९६ सालच्या कादंबरीचा खलनायक तर मठवासी साधूच आहे. पुढे उलट झाले. चित्रपटांत क्रूस भुताविरुद्धचे शस्त्र ठरला. हिंदी भयपटांतही दफनभूमी आणि क्रूस आले, आणि त्यांच्या जोडीला त्रिशूळही आला. क्रूस पुढे धरला की सैतान पळतो, एवढेच त्याचे काम उरले.

ही कल्पना पडद्यावर राहती तर आम्ही काही म्हटले नसते. ती घरात येते. “फादर, घरात काहीतरी आहे, आशीर्वाद द्या,” असे निरोप आम्हांस येतात आणि आम्ही जातो. घराला आशीर्वाद देणे हे आमचे कर्तव्यच होय. परंतु सैतान काढण्याचा विधी कुणाही धर्मगुरूने आपल्या मर्जीने करावयाचा नसतो. स्थानिक बिशपांची विशेष परवानगी त्यास लागते, असे धर्मसभेच्या कायद्याचे ११७२ वे कलम सांगते. त्याआधी आजार आहे का हे पाहावे, अशीही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. भगताकडे जाऊन आलेली माणसेही आमच्याकडे येतात. शासनाने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. पवित्र शास्त्राने मृतांना विचारणाऱ्यांना त्याआधी कितीतरी शतके मनाई केली आहे.

तथापि ‘घरात काहीतरी आहे’ हे वाक्य आम्ही हसण्यावारी नेत नाही. चार गोष्टी विचारल्या की पुष्कळदा वेगळेच काही बाहेर येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, आणि त्यानंतर कर्जत-खालापुरातल्या माळरानांनाही भाव आला. फार्महाऊस उठली, दलाल फिरू लागले. सातबाऱ्यावरील एकेका नावाला किंमत आली. मग बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली, कधी तिला नीट न सांगता. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ सालचा आहे, आणि वडील मृत्युपत्राविना गेल्यास तो मुलगा-मुलीला समान वाटा देतो. हे घराघरांत ठाऊक आहे आणि घराघरांत विसरले जाते. कुठे निरक्षर आदिवासी शेजाऱ्याचा बांध सरकतो. त्या घरात रात्री झोप लागत नसेल, तर आम्हांस नवल वाटत नाही.

पवित्र शास्त्रात हीच कथा आहे. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. वडिलार्जित मळा देण्यास नाबोथाने नकार दिला. खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथ दगडांखाली मेला, आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यावयास गेला. तेथे त्याला नाबोथाचे भूत भेटले नाही. त्याला एलिया संदेष्टा भेटला. नाईकांच्या वाड्यात नेमका हाच माणूस कधी येत नाही. भुते येतात, मांत्रिक येतात, पण ‘तू हे केलेस’ असे तोंडावर सांगणारा आणि पश्चात्तापाची वाट दाखवणारा कुणी येत नाही. म्हणून तेथील शाप फिटत नाही आणि मालिका एका भागातून दुसऱ्या भागात लांबत जाते. यहेज्केल संदेष्टा तर स्पष्टच बजावतो की बापाच्या पापाचा भार मुलाने वाहावयाचा नाही. जो वाईट मार्ग सोडील तो जगेल. मालिकेला हे माहीत नाही. ‘तुंबाड’च्या त्या पोराला ते कळलेले दिसते.

तिसरा भाग फसला तो याचमुळे, असे आमचे मत आहे. शेवंतेच्या भूमिकेत मध्येच दुसरी अभिनेत्री आली, म्हणून चाहते नाराज झाले. पण खरा तोटा आधीच झाला होता. भूत ही जिवंतांच्या अपराधाची खूण होती, तोवर तिला वजन होते. ती उठताबसता दिसणारी करमणूक झाली आणि अपराध मागे पडला. भुताचे भय राहिले नाही आणि पापाचेही राहिले नाही.

तेव्हा आपल्या कुटुंबांनी ही मालिका पाहू नये, असे आम्ही म्हणणार नाही. लहान मुलांना दूर ठेवून जरूर पाहावी आणि तिच्यावर वादही घालावेत. मात्र अण्णांच्या नकलेला टाळ्या वाजवताना त्यांनी कुणाची जमीन घेतली, याची उजळणी एकदा व्हावी. पुढच्या २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावू, तेव्हा आपल्या मृतांना भिण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची आहे, आणि त्यांच्या हातून ज्यांचे काही राहून गेले, ते आपण परत करावयाचे आहे. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले आणि त्याच दिवशी त्याच्या घराला तारण मिळाले. ज्या घरी बहिणीचे नाव सातबाऱ्यावर पुन्हा चढेल, त्या घरी आशीर्वाद द्यावयास आम्ही आनंदाने येऊ.