आज्ञा आणि वर्णन : सेवारंभाच्या दोन लेखनपद्धती

लिनक्सचे कर्नेल कार्यान्वित झाल्यावर जी पहिली प्रक्रिया जन्मास येते, तिच्याकडे इतर सेवा सुरू करण्याचे काम असते. युनिक्स सिस्टिम फाइव्हच्या परंपरेत हे काम शेल-स्क्रिप्टांकरवी होत असे. २०१० साली लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स ह्यांनी सिस्टिमडी पुढे मांडले आणि स्क्रिप्टची जागा युनिट फाइलने घेतली. २०११ मध्ये फेडोरा १५ ने व २०१५ मध्ये डेबियन ८ ने ती पद्धत स्वीकारली. ह्या बदलाविषयीचा वाद बहुधा सोयीच्या अंगाने झाला. वस्तुतः तो दोन लेखनप्रकारांचाही वाद होय.

स्क्रिप्टची भाषा आज्ञार्थी असते : हे तपास, ते चालव, न जमल्यास थांब. युनिट फाइल इष्ट स्थिती सांगते, रीत सांगत नाही. जुन्या स्क्रिप्टांत 'स्टार्ट', 'स्टॉप', 'रीस्टार्ट' ह्यांच्या शाखा त्याच त्या मजकुराने भरलेल्या असत व सेवेचे वैशिष्ट्य त्यांत हरवून जाई. ते वैशिष्ट्य आता चारपाच ओळींत मावते, हा उघड लाभ आहे.

नव्या पद्धतीचे पुरस्कर्ते आणखी एक लाभ सांगतात. पूर्वी सेवा जिवंत आहे किंवा नाही हे बहुधा पीआयडी फाइलीतील आकड्यावरून ठरे, आणि सेवा कोसळली तरी तो आकडा मागे उरे. सिस्टिमडी कर्नेलच्या नियंत्रण-गटांच्या आधारे सेवेच्या अपत्य-प्रक्रियाही ओळखते. परंतु हे श्रेय यंत्रणेचे आहे. वर्णनात्मक लेखनाच्या खाती ते जमा करता येत नाही.

शिवाय संक्षेपाने अर्थ नाहीसा होत नाही, तो स्थलांतर करतो. 'रिक्वायर्स' ह्या शब्दाने केवळ गरज सांगितली जाते आणि 'आफ्टर' ह्या शब्दाने केवळ क्रम. एखाद्या सेवेस दुसरीची गरज आहे एवढेच लिहिले, तर दोन्ही एकदमच सुरू होऊ शकतात. सामान्य वाचक गरजेतच क्रम गृहीत धरतो. शब्द परिचित, अर्थ मात्र पारिभाषिक. आणि तो फाइलीत नसून मार्गदर्शिकेत व सी भाषेतील मूळ संहितेत आहे. स्क्रिप्टही सामाईक फलन-संग्रहावर विसंबून असे, हे खरे. पण तो संग्रहही शेलमध्येच लिहिलेला असल्याने वाचकास त्याच भाषेत पुढे वाचता येई.

अपवादात्मक गरज उद्भवली म्हणजे युनिट फाइलही 'एक्झेकस्टार्ट' ह्या ओळीत एखादी स्क्रिप्टच बोलावते. म्हणून सामान्य सेवेस वर्णन व अपवादास आज्ञा, हीच विभागणी युक्त ठरते. मात्र वर्णनाची परिभाषा न शिकता त्याच्या सुबोधतेवर विसंबणारा व्यवस्थापक स्वतःच्याच यंत्राचा अर्धसाक्षर वाचक ठरेल.