एक मिलिमीटर खाली

‘मागचा ॲक्सल बसलेला आहे. दुरुस्त करावा.’ गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका मेळाव्यात परीक्षकांनी एका मॉडेलवर असा शेरा मारला आणि गुण कापले. मॉडेल ‘छोटा हत्ती’ या मालवाहू टेम्पोचं होतं, १:६४ मधलं, म्हणजे लांबी सहा सेंटिमीटरच्या आत. हौद्यात कांदा. कांदा भरला की छोट्या हत्तीचे पाटे सपाट होतात, मागचा भाग बसतो आणि तोंड किंचित वर जातं. चांदवड-लासलगाव रस्त्याला चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बसलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. करणाऱ्यानं मागची बाजू मोजून एक मिलिमीटर खाली घेतली होती. चौसष्टनं गुणा: जवळजवळ साडेसहा सेंटिमीटर. टनभर माल भरल्यावर गाडी साधारण तेवढीच बसते. परीक्षकांना तो दोष दिसला. त्याच टेबलावर चारही चाकं पोटात ओढून जमिनीला चिकटलेल्या स्कायलाइन आणि सुप्रा उभ्या होत्या. त्यांचे ॲक्सल खाली गेलेत असं कुणाला वाटलं नाही. त्यांतल्या दोघींना बक्षिसं मिळाली.

डायकास्ट गाड्या कस्टम करण्याच्या कलेबद्दल लिहायचं बरेच दिवस टाळत होतो. या शेऱ्यानं ते टाळणं बंद केलं.

त्या टेबलावर चाळीसेक कस्टम होत्या आणि मी चिडून मोजल्या: नऊ गाड्या गल्फच्या फिकट निळ्या-नारिंगीत. १९६८ आणि १९६९ साली ले मानची शर्यत जिंकणाऱ्या जीटी४० ला तो रंग शोभला, नंतरच्या पोर्शे ९१७ लाही शोभला. मारुती ८०० नं त्याचं काय करायचं? बाकीच्यांत रुंद मडगार्ड, छतावर सर्फबोर्ड, मागे नको तेवढा मोठा पंख. रिव्हेट ड्रिल करून बॉडी सुटी करायची, जुना रंग रिमूव्हरनं उतरवायचा, नवी चाकं, रबरी टायर, वरून डीकल, वरून क्लिअर कोट. हात सगळ्यांचे तयार आहेत हे मान्य करतो. दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे नखाएवढ्या खिडकीची चौकट कुणाला धड रंगवता येत नव्हती. आज कॉलेजातली पोरं बेअर मेटल फॉइल अशी बसवतात की सांधा शोधावा लागतो. पण हात तयार आणि डोळे उसने.

उसने कुणाचे, तर बहुतेकदा जुन इमाईचे. हॉट व्हील्समध्ये असताना त्यानं डॅटसन ५१० चं जे काही केलं आणि पुढे कैदो हाउसच्या नावानं मिनी जीटीबरोबर जे करतो आहे, त्याला माझी हरकत नाही. उलट तो या पिढीतला सर्वांत जाणता माणूस आहे. जपानी रस्त्यावरच्या पोरांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्या गाड्यांचं जे वेडंविद्रं केलं, त्यात घटकाभर बसून, त्यातली ऐट ओळखून त्यानं ती सहा सेंटिमीटरमध्ये आणली. तो एका खऱ्या रस्त्याकडे पाहत होता. आपली मंडळी इमाईच्या गाडीकडे पाहतात, आणि त्यांचे शिष्य त्यांच्याकडे.

मोठ्या मापाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १:१८ मध्ये ऑटोआर्टनं धातू सोडून कंपोझिट धरलं तेव्हा लोकांनी वजनासाठी गळे काढले. माझ्या मते तो वाद मॉडेल डोळ्यांऐवजी तळहातानं पाहणाऱ्यांचा होता. रेझिनच्या बंद गाड्या, ज्यांची दारंच उघडत नाहीत, त्या शोकेसमध्ये छान दिसतात. हॉट व्हील्सच्या दुर्मिळ ‘ट्रेझर हंट’ गाड्या शोधत सकाळी मॉलच्या शटरपाशी उभं राहणाऱ्यांना शुभेच्छा.

आता माझ्या आवडीचं.

डोंबिवलीच्या एका निवृत्त ड्राफ्ट्समननं केलेली पद्मिनी टॅक्सी मी तीनदा पाहिली आहे. दर वेळी चष्मा पुसून. खरी पद्मिनी ३९३० मिलिमीटर; ही ६१. काळी-पिवळी करायला सगळेच धजावतात, कारण दोन रंगांत काम भागतं असा समज आहे. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपवून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि तेव्हापासून तर आठवणींचा बाजारच सुरू आहे. चकचकीत काळी बॉडी, लिंबासारखं पिवळं टप, डॅशबोर्डवर गणपती. यांतली एकही गाडी कधी दादर टीटीच्या स्टँडवर उभी राहिलेली नाही.

डोंबिवलीच्या गाडीत काळा रंग काळा नाही. लहान वस्तूवर निव्वळ काळा लावला की ती लगेच खेळणं दिसते. हवेचा जो पडदा लांबच्या गाडीवर पडतो तो रंगातच मिसळावा लागतो. त्यांनी काळ्यात करडा घातला आहे आणि बॉनेटवर अगदी थोडा तपकिरी, कारण तिथे इंजिनाची ऊब आणि दुपारचं ऊन दोन्ही. रंगाचा थर इतका पातळ की दाराची फट बुजलेली नाही. कारखान्यातून येणाऱ्या सामान्य गाडीवर समजा पन्नास मायक्रॉनचा रंग असेल, तर खऱ्या मापात तो तीन मिलिमीटरहून जाड होतो. पुट्टी मारलेल्या भिंतीसारखा. म्हणून बहुतेक छोट्या गाड्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत दिसतात. पुढे डाव्या अंगाला जुना यांत्रिक मीटर. खरा मीटर वीतभर, हा तीन मिलिमीटर, आणि त्याचा झेंडा पाडलेला: गाडी भाड्यावर आहे. मागच्या सीटवर मात्र कुणी नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘गिऱ्हाईक खाली उतरून सुटे आणायला गेलंय.’

पण गंजाबद्दल बोलायला हवं, कारण सध्या सगळ्यात जास्त खोटेपणा तिथे चालू आहे. अमेरिकेतल्या कोरड्या गोठ्यात चाळीस वर्षं पडून राहिलेल्या पिकअपचा गंज आपल्याकडे स्पंजनं थापून लावतात. बॉनेटवर, छतावर, दाराच्या मध्यावर, कुठेही. गंज असा वाटेल तिथे येत नाही. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती धुळीनं बुजतात, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खातं. त्यामुळे दाराच्या खालच्या कडेला आधी फोड येतात, मग ते फुटतात. कोकणातली गाडी खालून सडते. सोलापूरची गाडी सडायच्या आधी वरून विटते; टपाचा रंग खडूसारखा पांढुरका पडतो आणि हात लावला की हाताला लागतो. डोंबिवलीच्या टॅक्सीला दाराखाली बरोबर असे चार फोड आहेत, सुईच्या टोकानं पुट्टीचे ठिपके ठेवून केलेले. शिवाय टपाच्या एकाच बाजूला, डावीकडे, एक लांबट तपकिरी ओघळ. हा मात्र मला चुकलेला वाटला आणि मी तसं बोललोही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘ती रोज रात्री एकाच गॅलरीखाली उभी असायची हो. वर कुंड्या होत्या.’

मी गप्प बसलो. समीक्षकाला असं गप्प बसायची सवय कमी असते.

निफाडकडच्या त्या पोराचा छोटा हत्तीही याच घराण्यातला. चासी एका मालवाहू कास्टिंगची, केबिन शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून वळवलेली. कांदे म्हणजे बारीक मोहरी, हलक्या गुलाबी-तपकिरी रंगात घोळलेली. खऱ्या मापात प्रत्येक दाणा सहा-सात सेंटिमीटर भरतो. कांदा सुटा आहे, गोण्यांत नाही. हौसेनं ‘कांद्याची गाडी’ करणाऱ्या शहरी माणसानं गोण्याच रचल्या असत्या. बाजार समितीत लिलावाला कांदा सुटाच येतो, कारण व्यापारी हात घालून तळचा माल वर काढून बघतो. फाळक्याच्या फटीत दोन दाणे अडकलेले आहेत. मागच्या टायरांच्या बाजूंना फुगवटा दिला आहे. त्यासाठी रबरी टायर आतून कापून पुन्हा चिकटवले. आणि तो एक मिलिमीटर.

फॅशनसाठी खाली घेतलेली गाडी चारही चाकांवर सारखी खाली जाते. ओझ्यानं बसलेली गाडी मागे बसते, तीही अनेकदा एका अंगाला जास्त, कारण माल कधी सरळ भरला जात नाही. परीक्षकांना पहिली खाली घेतलेली ओळखता येते आणि दुसरीला ते मोडलेली म्हणतात. असं का होतं? कारण पहिली त्यांनी हजारदा छापील पाहिली आहे आणि दुसरी रोज खिडकीतून.

इथे कुणीतरी म्हणेल की आपल्याकडे आपल्या गाड्यांची कास्टिंगच मिळत नाहीत, माणूस करणार काय. ही तक्रार मी तीस वर्षं ऐकतो आहे. कलकत्त्याच्या निकी टॉइजनं डिंकीच्या आणि मिल्टननं कॉर्गीच्या साच्यांवर गाड्या ओतल्या तेव्हाही त्यांतून जग्वारच बाहेर पडल्या. रस्त्यावर ॲम्बॅसडर आणि पोराच्या हातात जग्वार. नंतर लिओ मॅटेलनं भारतात हॉट व्हील्स काढल्या. त्यांचे चमत्कारिक रंग आज परदेशी संग्राहक पैसे मोजून शोधतात, आणि आपण त्या गाड्या मातीत खेळून संपवल्या. त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. सेंटीची प्लास्टिकची ॲम्बॅसडर आणि रिक्षा आजही खेळण्याच्या दुकानात मागे ओढून सोडता येतात. संग्राहक तिला हात लावत नाहीत, कारण ती धातूची नाही आणि मापही धड नाही. माप? हॉट व्हील्सचं माप तरी कुठे धड असतं? ट्रक असो की मिनी, सगळ्यांना एकाच ब्लिस्टरमध्ये कोंबायचं, म्हणून ट्रक आखडतो आणि मिनी फुगते. त्या प्लास्टिकच्या रिक्षेला घासकागद लावा, हुडाला रेक्झिनच्या सुरकुत्या द्या, मागे पोस्टर चिकटवून अर्धं फाडा. हे दोन-तीन जणांनी केलेलं मी पाहिलं आहे. मेळाव्यात त्यांना टेबलाचा कोपरा मिळतो.

शुल्काचं रडगाणंही पुरे झालं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. जानेवारी २०२१ पासून आयएसआयचा शिक्का सक्तीचा. हौशी माणसाच्या खिशाला ते लागलं, खरं आहे. पण त्याचा परिणाम काय झाला पाहा. महाग गाडी फोडायला हात धजत नाही, म्हणून ती पॅकेटातच राहिली. पॅकेटात राहिली म्हणून तिची किंमत वाढली. किंमत वाढली म्हणून पॅकेट हीच वस्तू झाली. परवा एकानं मला गाडी दाखवली आणि ती कशी आहे हे न सांगता कार्डाचे चारही कोपरे कसे धारदार आहेत हे सांगितलं. त्याच्या घरी पावणेसहाशे गाड्या आहेत आणि एकीचंही चाक त्यानं फिरवून पाहिलेलं नाही. तो स्वतःला गाड्यांचा शौकीन म्हणवतो. मी त्याला पुठ्ठ्याचा शौकीन म्हणालो. तेव्हापासून बोलणं बंद आहे.

हीच मंडळी १९६९ च्या गुलाबी बीच बॉम्बची किंमत तोंडपाठ सांगतात. ती बस अरुंद होती, डोईजड होती, ट्रॅकवर गाडी पुढे फेकणाऱ्या सुपर चार्जरमधून नीट सुटत नव्हती, म्हणून सर्फबोर्ड मागून काढून दोन्ही अंगांना घेतले आणि बस रुंद केली. ही गोष्ट सांगायला त्यांना उत्साह नसतो. आणि जपलेलं टिकतं या भ्रमात तर कुणी राहूच नये. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कितीतरी डिंकी, डब्यात कापूस लावून ठेवलेल्या, आपोआप तडकून भुगा झाल्या. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं होतं. त्यांना ना धूळ लागली ना पोराचा हात.

मेळावे भरवणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच आहे की परीक्षक बदला. ‘उत्कृष्ट रंगकाम’ आणि ‘उत्कृष्ट चाकं’ असे विभाग ठेवलेत तर लोक रंग आणि चाकंच करणार. टेबलावर एखादा जुना टॅक्सीवाला बसवा, एखादा डेंटिंग-पेंटिंगवाला बसवा. पुट्टी कुठे भरलेली आहे आणि का, हे तो बोट न लावता सांगेल. त्याला गल्फचे रंग ठाऊक नसतील, हा तर फायदाच.

निफाडच्या पोरानं ॲक्सल दुरुस्त केलेला नाही, हे मी फोन करून विचारून घेतलं. तो आता बेस्टची दुमजली बस करतो आहे, जुनी, मागून चढायची. तिची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली. तो त्या आधी जेमतेम एकदा मुंबईला आला होता. ‘काका, तुम्ही तर रोज जायचात ना तिनं? मागच्या दाराचा तो उभा दांडा. त्याचा रंग हात लागून नेमका किती उंचीवर उडाला होता?’

दहा वर्षं मी तो दांडा धरून चढलो. सांगता आलं नाही.