‘पर्याय’ शब्दाचे दोन अर्थ : मुक्त विद्यालयाच्या भाषेची एक चिकित्सा

१

मराठीत ‘पर्याय’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. व्यवहारात एका मार्गाऐवजी घ्यावयाचा दुसरा मार्ग म्हणजे पर्याय. कोशात व व्याकरणात मात्र त्याच अर्थाचा दुसरा शब्द म्हणजे पर्याय. पहिल्या अर्थी भर भेदावर आहे, दुसऱ्या अर्थी अभेदावर. मुक्त विद्यालयास औपचारिक शिक्षणाचा ‘लवचीक पर्याय’ म्हणण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. परंतु तो यांपैकी कोणत्या अर्थी पर्याय आहे, याचा निर्णय न करताच चर्चा पुढे जाते. त्यामुळे त्याचे समर्थक त्याची स्तुती करतात ती एका अर्थाने, आणि त्याच्याविषयी शंका घेणारे शंका घेतात ती दुसऱ्या अर्थाने. दोघांची गाठ पडत नाही.

मुक्त विद्यालयाकडून अपेक्षा दोन आहेत. प्रमाणपत्राच्या मोलात ते शाळेशी अभिन्न असावे आणि अध्यापनाच्या रीतीत ते शाळेहून भिन्न असावे. प्रत्यक्षात काहीसे उलट घडले आहे असे दिसते. जेथे अभेद हवा होता तेथे समाजाने भेद केला, आणि जेथे भेद हवा होता तेथे, म्हणजे पाठाच्या भाषेत, संस्थांनी अभेद राखला. या दुसऱ्या गोष्टीकडे शिक्षणशास्त्राचे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. हा प्रश्न भाषेचा आहे, म्हणून भाषेच्या अभ्यासकाने तो हाती घेणे अप्रस्तुत ठरू नये.

२

भारतातील मुक्त विद्यालयाची परंपरा फार जुनी नसली तरी अगदी नवीही नाही. शालेय स्तरावर पत्रद्वारा शिक्षण देण्याचा उपक्रम भोपाळच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने १९६५ मध्ये सुरू केला; दिल्लीतील पत्राचार विद्यालय १९६८ मधील. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये मुक्त विद्यालयाचा प्रकल्प हाती घेतला. त्यातून १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वायत्त संस्था निर्माण झाली, १९९० मध्ये तिला परीक्षा घेण्याचा व प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार मिळाला, आणि २००२ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे झाले. महाराष्ट्रात नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मधलेच. शालेय स्तरासाठी राज्याचे स्वतंत्र मुक्त विद्यालय मंडळ त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले.

या संस्थांच्या नियमांतील लवचीकपणा नाममात्र नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय संस्थेच्या माध्यमिक अभ्यासक्रमास चौदा वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. कमाल मर्यादा नाही. एकदा नाव नोंदविले की ते पाच वर्षे टिकते, व त्या अवधीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एकच विषय देता येतो, आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमेस धरून ठेवले जातात. विषयांची निवड बरीच मोकळी आहे. व्यवसायविषयही घेता येतात. भारतीय सांकेतिक भाषेस भाषाविषयाचा दर्जा २०२१ मध्ये मिळाला तोही याच संस्थेत. ज्याच्यापाशी आठवीचा दाखला नाही त्याने आपण पुढील अभ्यासक्रम झेपण्याइतके शिकलो आहोत असे स्वतः लिहून द्यावे, अशीही सोय नियमांत ठेवण्यात आली. दाखल्यावाचून केलेल्या शिकणाऱ्याच्या विधानावर विश्वास ठेवणे ही आपल्या शिक्षणव्यवस्थेत विरळाच आढळणारी गोष्ट आहे.

राज्य मंडळाच्या परीक्षेस सतरा क्रमांकाचा अर्ज भरून बसण्याची जुनी वाट आणि मुक्त विद्यालय यांतील भेदही येथे स्पष्ट केला पाहिजे, कारण लोकव्यवहारात दोहोंची सरमिसळ होते. सतरा क्रमांकाचा अर्ज परीक्षेचे दार उघडतो. शिकविण्याची विशेष जबाबदारी तो कोणावर टाकत नाही. मुक्त विद्यालय ही जबाबदारी घेते. मुद्रित पाठ, स्वाध्याय, आणि मान्यताप्राप्त केंद्रांवरील संपर्कवर्ग ही त्याची साधने. म्हणून सतरा क्रमांकाच्या अर्जाविषयी ‘पाठ कसे आहेत?’ असा प्रश्न संभवत नाही; मुक्त विद्यालयाविषयी मात्र तो पहिला प्रश्न ठरतो.

३

लवचीकपणाची खरी कसोटी पाहावयाची तर एक ठळक उदाहरण पुरेसे आहे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि हंगाम आटोपून उन्हाळ्यात परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. अर्थात् शाळेच्या वर्षाचा उत्तरार्ध आणि कोयत्याचा हंगाम एकमेकांवर बरोबर पडतात. या पेचातून वाट काढण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत साखरशाळेने शाळा मुलांमागे नेली. हंगामी वसतिगृहाने मुलांना शाळेपाशी ठेवले. दोन्ही उपायांत स्थळ बदलले, काळ तोच राहिला. मुक्त विद्यालयाचे वैशिष्ट्य असे की ते काळ बदलते. त्याच्या सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन वेळा होतात. एक संधी हुकली तर वर्ष वाया जात नाही. तत्त्वतः पंधरा-सोळा वर्षांच्या ज्या मुलीस घरच्या कोयत्याबरोबर जावेच लागते, तिच्यासाठी याहून सोयीची व्यवस्था कल्पिणे कठीण आहे.

परंतु परीक्षा मे महिन्यात असली तरी अभ्यास जानेवारीत करावयाचा असतो, आणि तो कारखान्याच्या तळावरील कोपीत करावयाचा असतो. संपर्ककेंद्र गावाकडे राहिलेले असते. तेथे त्या मुलीपाशी असते ते फक्त पुस्तक. वेळ, वय, विषय व परीक्षा यांविषयीची सारी मोकळीक अखेरीस त्या पुस्तकाच्या एका पानाशी येऊन थांबते. ते पान तिला एकटीने वाचता आले तर विद्यालय मुक्त. न आले तर नियमपुस्तिका कितीही उदार असली तरी तिच्यापुरते दार बंदच.

४

शाळेतील पाठ्यपुस्तक आणि मुक्त विद्यालयाचा पाठ हे बाह्यतः सारखे दिसत असले तरी ते भाषिक दृष्ट्या दोन वेगळ्या कोटींतील आहेत. शाळेचे पुस्तक हे अर्धे बोलणे असते. उरलेले अर्धे शिक्षक पुरवितो. नमुन्यादाखल रचलेले एक वाक्य पाहावे : ‘हरितद्रव्याच्या साहाय्याने सूर्यप्रकाशातील ऊर्जेचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर घडवून आणून अन्ननिर्मिती करण्याच्या क्रियेस प्रकाशसंश्लेषण असे म्हणतात.’ वाक्यात चूक काही नाही. परंतु त्याची घडण पाहिली तर असे दिसते की, जे करते ते पान वाक्यातून नाहीसेच झाले आहे. ‘बदलते’, ‘करते’ या क्रियापदांची ‘रूपांतर’, ‘निर्मिती’ अशी नामे झाली आहेत. आणि मुख्य क्रियापद उरले आहे ते केवळ ‘म्हणतात’. म्हणजे वाक्य घटना सांगत नाही, नाव सांगते. वर्गातील शिक्षक हेच वाक्य वाचून लगेच म्हणतो : ‘म्हणजे बघा, पान ऊन घेतं, मुळं पाणी आणतात, आणि पानातच अन्न तयार होतं.’ येथे कर्ता परत येतो, क्रियापदे परत येतात, आणि ‘म्हणजे’ या एका अव्ययाने पुस्तकाची मराठी व मुलाची मराठी यांत पूल पडतो.

हा ‘म्हणजे’ कमी लेखण्याजोगा नाही. ‘म्हणजे’, ‘बघा’, ‘बरं का’, ‘नाही का’ या शब्दांस व्याकरणात फारसे स्थान मिळत नाही. अध्यापनात मात्र त्यांचे कार्य मोठे आहे. आता व्याख्या संपली, आता उदाहरण येत आहे, आता ऐकणाऱ्याने होकार द्यावयाचा आहे, अशा खुणा ते करतात. मुद्रित पाठात शिक्षकाबरोबर हे शब्दही गळतात. वर्गात असलेल्या मुलाचे त्यामुळे फारसे अडत नाही. कोपीत बसलेल्या मुलीचे सर्वस्वी अडते.

दूरशिक्षणाच्या मीमांसकांस ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. जर्मन अभ्यासक ऑटो पीटर्स यांनी १९६७ मध्येच दूरशिक्षणाची तुलना औद्योगिक उत्पादनाशी केली होती : श्रमविभागणी, प्रमाणीकरण, मोठ्या संख्येने निर्मिती. उलट स्वीडनचे ब्योर्य होल्मबर्ग यांनी असा आग्रह धरला की, मुद्रित पाठ हे शिकणाऱ्याशी केलेले मार्गदर्शनपर संभाषण असावे. अमेरिकन अभ्यासक मायकेल मूर यांनी अंतराची कल्पनाच बदलली. अंतर मैलांचे नव्हे, संवादाचे. अभ्यासक्रमाची चौकट जितकी ताठर व संवाद जितका कमी तितके हे अंतर अधिक. आपल्याकडील पाठांत होल्मबर्ग यांच्या शिकवणीचा बाह्य संस्कार दिसतो. उद्दिष्टे आरंभी येतात, मधूनमधून ‘आपली प्रगती तपासा’ असे प्रश्न येतात, शेवटी उत्तरे येतात. परंतु प्रश्न घातल्याने संभाषण होत नाही. प्रश्नाच्या मागचे व पुढचे वाक्य जर वर दिलेल्या नमुन्याच्या घडणीचे असेल, तर संभाषणाचा केवळ वेष चढतो.

संबोधनाचा प्रश्नही असाच आहे. शालेय पुस्तकाचा वाचक ठरावीक वयाचा असतो, म्हणून ‘मुलांनो’ म्हणून भागते. मुक्त विद्यालयाचा वाचक चौदा वर्षांचा असेल किंवा पंचेचाळीस वर्षांची गृहिणी असेल. ‘विद्यार्थी मित्रांनो’ हे संबोधन तिला परके वाटते, आणि ‘आईला विचारून लिहा’ अशा धर्तीचा स्वाध्याय तर जी स्वतः आई आहे तिची अभावितपणे थट्टा करतो. मराठीत या अडचणीवर एक सुंदर तोड उपलब्ध आहे. ‘आम्ही’ हे सर्वनाम ऐकणाऱ्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. आणि हेच ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही काम करते. वयाचा प्रश्न त्यात उद्भवत नाही. मात्र ‘आपण पाहिले’ असे लिहिणाऱ्याने वाचकाने ते खरोखर पाहिले असेल अशी तजवीज पाठात आधी केलेली असली पाहिजे. तशी नसेल तर सामावून घेणारे सर्वनामच वगळणारे होते.

यावर असा आक्षेप संभवतो की, पाठ सोपे केले तर परीक्षेचा दर्जा खालावेल व प्रमाणभाषेचा परिचय होणार नाही. आक्षेप गंभीर आहे. परंतु त्यात मुक्काम आणि वाट यांची गल्लत आहे. ‘प्रकाशसंश्लेषण’ ही संज्ञा शिकणाऱ्यास आलीच पाहिजे. प्रश्न एवढाच की, ती वाक्याच्या आरंभीच्या अपरिचित पदार्थांच्या ओझ्याखाली यावी, की परिचित घटना सांगून झाल्यावर तिचे नाव म्हणून यावी. दुसऱ्या रीतीने संज्ञा सुटत नाही, उलट पक्की होते. तांड्यावरील बंजारा मुलांच्या बाबतीत तर घरची बोली गोरमाटी असल्यामुळे प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा ठरते. तेथे पायऱ्या गाळणे म्हणजे जिना काढून घेणे होय.

५

आता दुसऱ्या बाजूकडे वळावे. प्रमाणपत्राच्या बाबतीत शासनाने अभेद मान्य केला आहे. समकक्षता हा त्यासाठीचा शब्द. पण लोकभाषेत शब्द निराळा आहे. ‘तिने बाहेरून दहावी केली’ असे म्हटले जाते. ‘बाहेरून’ या क्रियाविशेषणात आत काय आहे याचा निवाडा आधीच झालेला असतो. हा निवाडा केवळ बोलण्यापुरता राहत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांस अपात्र ठरविण्यात आले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती तरतूद रद्द ठरविली, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला हा वाद २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने मिटला. समकक्षता कागदावर असताना ती उपभोगण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, याचा अर्थ असा की ‘बाहेरून’ हा शब्द अधिनियमापेक्षा बलवान ठरू पाहत होता.

भाषाभ्यासकास यात नवल वाटू नये. पूर्ण समानार्थी शब्द भाषेत जवळजवळ नसतातच. पाणी, जल व उदक यांचा कोशातील अर्थ एक. परंतु तहानेला पाणी मागतात, जल समासात जाते, आणि सोडावयाचे ते उदक. प्रयोगाची क्षेत्रे वेगळी म्हणून प्रतिष्ठाही वेगळी. दोन प्रमाणपत्रांचे असेच होत आले आहे. शब्दांच्या बाबतीत हा भेद भाषेची समृद्धी ठरतो. प्रमाणपत्रांच्या बाबतीत तो अन्याय ठरतो, कारण येथे भेद धारण करणारी माणसे असतात. जी मुले शाळेबाहेर राहिली ती बहुधा दारिद्र्य, स्थलांतर, लवकर झालेले लग्न वा अपंगत्व यांमुळे राहिली. त्यांच्या प्रमाणपत्रास ‘बाहेरचे’ म्हणणे म्हणजे त्यांना बाहेर ठेवणाऱ्या परिस्थितीचा ठपका त्यांच्यावरच ठेवणे होय.

६

दोन्ही बाजूंचे हे दोष परस्परांशी निगडित आहेत, हे शेवटी लक्षात घेतले पाहिजे. पाठ एकटीने वाचण्याजोगा नसला की शिकणारी मार्गदर्शिकेकडे व तयार उत्तरांकडे वळते. तसे झाले की ‘बाहेरून’ या शब्दातील उपहासास आधार मिळतो. आणि त्या उपहासास उत्तर म्हणून संस्था आपली पुस्तके अधिकाधिक शाळेच्या पुस्तकांसारखी जड करू लागतात. हे चक्र नियम आणखी सैल करून तुटणार नाही. नऊ संधींऐवजी अठरा दिल्या तरी न उमगणारे पान अठरा वेळा न उमगणारेच राहील.

ते तुटेल ते पाठाच्या लेखनापासून. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे ब्रीद स्वीकारले आहे. ब्रीद थोर आहे. पण नदी घरापर्यंत आली तरी पाणी भरून घेण्यास घाट लागतो. तो घाट म्हणजे पाठाची भाषा. ती बांधावयाची तर मराठी विभागांतील पदव्युत्तर अभ्यासकांस पुष्कळ काम आहे. मुक्त विद्यालयाच्या पाठांतील वाक्यरचना तपासणे, संज्ञांच्या प्रवेशाचा क्रम नोंदणे, निरनिराळ्या वयाच्या व बोलींच्या वाचकांस तेच पान वाचावयास देऊन ते कोठे अडतात ते पाहणे, असे प्रबंध लिहिले जावयास हवेत. मुक्त विद्यालय हे प्रमाणपत्राच्या मोलात शाळेचा पर्यायशब्द, आणि शिकविण्याच्या रीतीत शाळेहून खरोखर वेगळा पर्याय व्हावे. आज या दोन अर्थांची जी अदलाबदल झाली आहे ती दुरुस्त करणे हे केवळ शिक्षणखात्याचे काम नव्हे, भाषेचा अभ्यास करणाऱ्यांचेही आहे.