हातातून डोळ्यांकडे : रूप बदलणाऱ्या यंत्रमानवाचे स्मरणरंजन

दिवाळीच्या सुट्टीत कसबा बावड्यातल्या गल्ल्यांतून फिरताना दारोदारी किल्ले दिसतात. दगड, विटा, भिजवलेले पोते, त्यावर चिखलाचा हात आणि मोहरीची हिरवळ. गेल्या वर्षी अशाच एका किल्ल्याच्या दरवाजात, मातीच्या मावळ्यांशेजारी, प्लास्टिकचा एक यंत्रमानव पहाऱ्याला उभा होता. त्याचे हातपाय दुमडले की त्याचा ट्रक होतो. किल्ला मुलाचा, खेळणे मात्र चाळिशी ओलांडलेल्या वडिलांनी स्वतःच्या हौसेखातर घेतलेले. "आमच्या लहानपणीचं आहे हे," असे ते मला म्हणाले आणि लगेच मुलाकडे वळून म्हणाले, "सांध्यात माती जाऊ देऊ नकोस रे." या दोन वाक्यांचे एकमेकांशी नाते काय, ते तपासून पाहावे असे वाटले.

आधी पहिले वाक्य. 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने ही खेळणी १९८४ साली अमेरिकेत बाजारात आली. त्यांचे मूळ जपानी. टाकारा कंपनीच्या 'डायाक्लोन' आणि 'मायक्रोमॅन' या मालिकांतली खेळणी हॅसब्रो या अमेरिकी कंपनीने घेतली. डायाक्लोनमधली यंत्रे आत बसलेली माणसे चालवीत; यंत्रांना स्वतःचे मन नव्हते. मन दिले ते अमेरिकेत. मार्व्हल कॉमिक्सचे बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे दिली, स्वभाव लिहिले. त्याच वर्षी कार्टून मालिका सुरू झाली. मुलांच्या कार्यक्रमांवरचे तिथले सरकारी निर्बंध त्या काळात सैल होत होते, त्यामुळे अर्ध्या तासाची गोष्ट हीच अर्ध्या तासाची जाहिरात होऊ शकली. गोष्टीतून खेळणे निघाले नाही, खेळण्यासाठी गोष्ट रचली गेली.

आपल्याकडे चित्र वेगळे होते. ऐंशीच्या दशकात माझ्या पिढीने दूरदर्शनवर पाहिला तो 'जायंट रोबॉट'. १९६७-६८ सालची ही जपानी मालिका आपल्यापर्यंत पोहोचायला दीड-दोन दशके लागली. तो रोबॉट रूप बदलत नसे. मनगटावरच्या घड्याळातून एक मुलगा त्याला हुकूम देई. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मनगटाशी तोंड नेऊन हुकूम सोडत असू. घड्याळ एकाकडेही नव्हते आणि त्याने काही अडतही नव्हते. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची अखेरची परिमाणात्मक बंधने उठली ती २००१ साली. तोपर्यंत परदेशी खेळणे बहुतेक घरांत येत असे ते कुणा आखातातल्या नातेवाइकाच्या बॅगेतून, नाहीतर येतच नसे.

तेव्हा 'आमच्या लहानपणीचं' हे वाक्य वस्तूच्या बाबतीत बहुधा खरे नसते. पण ते खोटेही म्हणवत नाही. जे हाती होते त्याची आठवण येते, तशी जे हाती आले नाही त्याचीही येते, आणि दुसरी अधिक चिवट असते. प्रश्न एवढाच, की ही हुरहुर नेमकी कशाची?

या खेळण्याची खरी गंमत रूपांतरात आहे, आणि ते रूपांतर हाताने करायचे असते. कोणता सांधा आधी वळवायचा, छाती उघडल्याशिवाय डोके बाहेर येणार नाही, चाक खांद्यामागे कसे दडते, हे बोटांना शिकावे लागते. कोल्हापूरच्या पोरांना ही विद्या परकी नव्हती. उद्यमनगरात खोललेले ऑइल इंजिन आणि पुन्हा जुळवणारे मिस्त्री आम्ही तासन् तास पाहत उभे राहत असू. कार्टूनमध्ये मात्र तेच रूपांतर एका आवाजासरशी क्षणात होते. २००७च्या मायकेल बे यांच्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइम हा नायक संगणकावर दहा हजारांहून अधिक सुट्या भागांतून घडवला आहे. पडद्यावर ते भाग कुठून कुठे गेले हे डोळ्यांनाही कळत नाही. बोटांचा तर प्रश्नच नाही. चाळीस वर्षांच्या या प्रवासात रूपांतर हातातून निसटले आणि डोळ्यांपुरते उरले. आपल्याकडे अनेकांची ओळख मुळातच पडद्यावर झाली, म्हणून आपले स्मरणरंजनही डोळ्यांचे आहे.

यावर आक्षेप येईल, की जाहिरातीतून जन्मलेल्या वस्तूबद्दल एवढी चिकित्सा कशाला? त्याचे उत्तर १९८६च्या चित्रपटात आहे. नवी खेळणी विकायची म्हणून जुनी पात्रे बाजूला सारायची होती. म्हणून ऑप्टिमस प्राइमला पडद्यावर मारले. मुले रडली. पुढच्याच वर्षी त्याला मालिकेत परत आणावे लागले. मुलांनी जाहिरातीवर जाहिरातदाराच्या हिशेबाबाहेरचे प्रेम केले होते. ते प्रेम खरे होते, म्हणूनच त्याची चिकित्सा करायला हवी.

आता दुसरे वाक्य. संग्राहकांच्या बाजारात सर्वाधिक किंमत येते ती न उघडलेल्या खोक्यातल्या खेळण्याला. रूप बदलण्यासाठीच घडवलेली वस्तू जितकी न बदललेली, तितकी मौल्यवान! प्रौढांचे स्मरणरंजन वस्तूला जिथे नेऊन ठेवते ते हे ठिकाण. 'सांध्यात माती जाऊ देऊ नकोस' ही त्याच वाटेवरची सौम्य सूचना आहे. बापाला मिळाले नाही ते त्याने मिळवले. पण मिळवल्यावर ते जपायचे ठरवले. मुलाच्या हाती आले ते पाहण्यापुरते.

मुलगा मात्र आपल्या कामात होता. पोते दुमडून त्याने बुरूज केला होता, विटेचा दरवाजा केला होता, बाटलीच्या झाकणाची तोफ केली होती. रूपांतर म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको होते. मी निघालो तेव्हा वडील आत गेले होते. त्याने पहारेकऱ्याला उचलले, चार सांधे वळवून त्याचा ट्रक केला आणि त्यात मूठभर माती भरून तो बुरुजाकडे नेऊ लागला.